वंशावळीतील दोन नावे

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला पत्र नाही आणि तुझे दोन फोनही मी 'मागाहून बोलतो' असे सांगून टाळले, याची लाज बाळगूनच आज लिहायला बसलो आहे. आम्ही सर्व ठीक आहोत. माझी साखर मर्यादेत आहे, निदान डॉक्टरांसमोर तरी. फोनवर हे बोलता आले नसते, कारण खोलीत आत्या बसलेली असते आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तिचे कान तुझ्यामाझ्यापेक्षा तिखट आहेत.

सहावीत असताना खाडीच्या बांधावर बसून तू मला विचारले होतेस, "तुझे आजोबा एवढे पट्टीचे पोहणारे, मग ते बुडाले कसे?" त्यावर मी तुझी नवी कंपासपेटी खाडीत भिरकावली आणि गणपती येईपर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही. ती पेटी मी तुला देणे लागतो. आजोबा बुडाले नव्हते.

सुरुवात झाली ती धाकटीच्या जात पडताळणीपासून. आपल्या ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे तू थोरल्याच्या वेळी भोगले आहेसच. वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नेमके तेच पान वाळवीने नेलेले निघाले. शाबूत पानांवर पाहिले, तर अर्ध्या गावाचा जन्म १ जूनला झालेला. मग आजोबांकडे वळलो, आणि लक्षात आले की त्यांच्याविषयी आपल्या घरात लिहिलेले असे काहीच नाही. होता तो फक्त आजीचा तांब्याचा हंडा, ज्याच्या काठावर आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर आणि 'सन १९३६' एवढे कोरलेले आहे. ज्या हंड्यात आपण दोघांनी बेडूक सोडले होते, तोच.

तहसीलच्या अभिलेख कक्षात मी किती खेटे घातले, ते सांगत बसत नाही. कोतवाल बुकात दादांच्या जन्माची नोंद सापडली, पण तीत मुलाचे नावच नाही. बापाचे नाव, जात आणि 'मुलगा' एवढ्यावर कोतवालाने काम भागवले आहे. त्यातही आपण म्हात्रे, म्हणजे ओरडले तर अर्धी आळी ओ देणार. फेरफारांमध्ये आजोबांच्याच नावाचे तीन म्हात्रे निघाले आणि पंधरा दिवस मी भलत्याच माणसाला आजोबा समजून त्याच्या कुळकायद्याच्या नोंदी वाचत राहिलो. त्या माणसाला दोन बैल आणि चार भावांशी भांडण होते. खरे सांगतो, थोडा जीव लागला होता.

शेवटी भाऊकाकांनी सुचवले की नाशिकला जा, तिथे पंचवटीत आपल्या गावांचे तीर्थोपाध्याय ठरलेले आहेत आणि त्यांच्या वह्यांत कोण कधी आले ते लिहिलेले असते. मी हसलोच; पण गेलो. गुरुजींनी गाव विचारले, आडनाव विचारले, आणि माळ्यावरून लाल कापडात बांधलेली चोपडी काढली. जुनी नोंद मोडीत होती. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, त्यामुळे गुरुजींचे बोट एका अक्षरावर थांबले की माझा श्वासही थांबे. तीत पणजोबा, त्यांचे वडील आणि आजा अशी तीन नावे मिळाली. हंड्यावरच्या एका अक्षराचे एवढे झाले, म्हणून मी आनंदाने दक्षिणा काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "थांबा, पुढे आणखी एक आहे."

ती नोंद १९५६ च्या सिंहस्थातली, बाळबोध अक्षरांत. स्वतः आजोबा आले होते. वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, आपले गाव, आणि खाली 'हल्ली मुक्काम करंजा'. पुत्रांमध्ये पहिले नाव दादांचे. त्याखाली आणखी दोन, जी मी आयुष्यात कधी ऐकलेली नाहीत.

दोन दिवस मी स्वतःला समजावले की हा चौथा म्हात्रे असेल. पण पणजोबांचे नाव नवसाचे, गावात दुसरे नव्हते. शिवाय आजा, बाप, लेक अशा सगळ्या पिढ्या योगायोगाने जुळत नाहीत.

१७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला येणारी 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. गटारीसाठी त्याच बोटीने येतो, असा आजोबांचा निरोप होता, आणि ते आले नाहीत. ते बोटीत चढलेच नव्हते, की पोहून पलीकडे निघाले, हे मला कळलेले नाही. तू विचारशील की मग घरी का आले नाहीत. तीर्थोपाध्यायाच्या वहीत 'का' असा रकाना नसतो. पण आजी तुला आठवते ना? दर गटारीला चूल न पेटवता द्रोणात दिवा घेऊन रेवस बंदरावर जाणारी, पांढऱ्या कपाळाची? तिथून समोर दिसतात ते करंजाचेच दिवे. ती १९८४ ला गेली. म्हणजे सदतीस गटाऱ्या तिने ज्या दिशेला हात जोडले, त्या दिशेला निदान काही वर्षे तरी तो माणूस जेवूनखाऊन होता. आणि आपण दोघे तरीतून द्रोणागिरी देवीच्या दर्शनाला जात असू, तेव्हा धक्क्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एखाद्याकडे तू तंबाखूसाठी चुना मागितला असशील, या कल्पनेने मला दोन रात्री झोप लागली नाही.

आता खरी अडचण ऐक. धाकटीला वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आहे. नाशिकची नोंद जोडली तर काम सोपे होते, पण ती जोडायची म्हणजे त्यातली दोन नावेही वंशावळीत लिहायला हवीत, कारण खाली माहिती खरी असून काहीही दडवलेले नाही असे मलाच लिहून द्यायचे आहे. आणि नोटरीकडे जाण्याआधी आत्या तो कागद वाचायला मागणार. ती वीजबिलसुद्धा वाचल्याशिवाय भरू देत नाही. सात वर्षांची असताना ती चार दिवस बंदरावर बसून होती. तिच्या बापाला समुद्राने नेले, हे तिच्या आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख आहे आणि, खोटे कशाला बोलू, सर्वांत मोठा मानही तोच आहे.

सौ. म्हणते, सांगू नका, दुसरा पुरावा शोधा. धाकटी म्हणते, आत्याआजीचे भाऊ आहेत ते, तिला कळायलाच हवे. मला दोघींचे पटते, म्हणजे मी नेहमीसारखाच निरुपयोगी आहे. करंजाला जाऊन ती माणसे शोधावीत असेही एकदा वाटले आणि तरीच्या तिकिटापर्यंत पोहोचलोही. पण दारात उभे राहून 'मी तुमचा पुतण्या' असे म्हणायचे, तर त्यांच्याही घरात एखादी कहाणी भिंतीवर टांगलेली असेल, तिला हात लावणारा मी कोण?

एक गोष्ट मी अजून कोणालाही सांगितलेली नाही. त्या वहीत मुलींची नावे लिहीत नसत. तीन मुलगे आहेत, त्यांत आत्या नाही. नोंद तिच्या हाती दिली तर ती आधी स्वतःचे नाव शोधेल, हे मी तिला ओळखून असल्याने सांगतो.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले असे बाळूकडून कळले, जिना टाळ. सूनबाईंना बडोद्यात नोकरी लागली हे उत्तम झाले. वहिनींना नमस्कार.

प्रतिज्ञापत्राची मुदत महिनाअखेरीस संपते. मसुद्यात दादांच्या नावाशेजारी मी दोन चौकटी पेन्सिलीने आखून ठेवल्या आहेत. सहावीत तू बोललास ते योग्य ठरले, तेव्हा आताही तूच काय ते सांग. या वेळी खाडीत फेकायला माझ्याकडे तुझे काहीही नाही. फोन केलास तर दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान कर, तेव्हा आत्या झोपलेली असते.

तुझा,
वसंत