मुक्ताला, साडीच्या प्रश्नावरून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

ऑडिशनला त्यांनी तुला ‘पुढच्या वेळी साडी नेसून या आणि मध्ये एखादा राग टाका’ असं सांगितलं, हे ऐकून बाबा घरभर येरझाऱ्या घालत होते. मला राग आला नाही, आशा पुथली आठवल्या. तुमच्या न्यूयॉर्कमध्ये जॅझ गाण्यासाठी मुंबईहून पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी गेलेली बाई. तुझ्या वर्गात त्यांचं नाव निघत असेल का कोण जाणे, म्हणून लिहिते.

जन्म मुंबईचा, 1945 चा. लहानपणी आपलं शास्त्रीय गाणं आणि पाश्चात्त्य ऑपेरा, दोन्हीची तालीम. जॅझ तेव्हा मुंबईला परकं नव्हतं. ताजच्या बॉलरूममध्ये 1930 च्या दशकापासून बँड वाजत होते, आणि गोव्याचे वादक रात्री हॉटेलात ट्रम्पेट वाजवून सकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला हजर असत. ‘अलबेला’तल्या गाण्यांत चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आहे, तो तू ऐकलेला आहेस. त्या मुंबईत आशाबाई जॅझ गायला लागल्या.

अमेरिकेला जायचं तर पैसे कुठून आणायचे? त्यांनी बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी धरली. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक नर्तकी मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवली. म्हणजे गायला गेल्या त्या नाचाच्या दारातून! दरम्यान लेखक वेद मेहता यांच्या 1970 च्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या पुस्तकात मुंबईच्या जॅझवर लिहिताना त्यांचा उल्लेख आला, आणि ते अमेरिकन रेकॉर्ड निर्माते जॉन हॅमंड यांच्या वाचनात आलं. बिली हॉलिडे, अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन यांना पुढे आणणारा हाच माणूस. त्यांच्यामुळे आशाबाई जॅझचे सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्यापर्यंत पोचल्या.

आता हे नीट ऐक. कोलमनचा ‘सायन्स फिक्शन’ अल्बम 1971 मध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्यातली ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’ ही दोन गाणी आशाबाईंनी गायलेली. हेडफोन लावून ऐक, फोनच्या स्पीकरवर नको. आवाज लांब लांब सुरांवर सावकाश चालतो, सॅक्सोफोन-ट्रम्पेट त्याच्या आजूबाजूला सरकतात, आणि खाली बिली हिगिन्स आणि एड ब्लॅकवेल असे दोन दोन ड्रमर धावत असतात. गळा विलंबितात, ताल द्रुतात. दुसरी कुणी तिथे सम शोधत बसली असती. कोलमननी ठरावीक कॉर्डांची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची) चौकट सोडून दिलेली होती, त्यामुळे कॉर्डवर वाढलेल्या गायकाला आधारच राहत नाही. आपल्याकडे आधार षड्जाचा. कॉर्ड गेली तरी तो मनातल्या मनात चालू असतो. माझं मत असं की त्या तिथे टिकल्या त्या या कानामुळे. त्या दोन गाण्यांत सतार नाही, तबला नाही, ‘इंडियन काहीतरी’ नाही, आणि तरी त्या गळ्यावर कुणाचे संस्कार आहेत ते मला पहिल्या ओळीत कळलं. तू साडी नेस किंवा जीन्स घाल, मला त्यात पडायचं नाही. राग मात्र ‘मध्ये टाकू’ नकोस. कोथिंबीर आहे का ती?

डाउनबीट या अमेरिकन जॅझ मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात त्यांचं नाव झळकलं. पण नाव झाल्याने घरभाडं भागत नाही. त्यांचे स्वतःचे अल्बम सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने युरोपसाठी काढले. पहिला 1973 चा, आणि 1976 चा ‘द डेव्हिल इज लूज’ तर जॅझ सोडून सोल-डिस्कोच्या वाटेला गेलेला. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली असतील तर मुरडू देत, मला तो आवडतो. त्यातलं ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनक्युसोच्या ‘लॉफ्ट’ या नाचाच्या पार्ट्यांमध्ये वाजू लागलं आणि 1997 मध्ये रॅपर नोटोरियस बी.आय.जी.च्या अल्बमवर त्याचाच तुकडा आला. मधल्या काळात मुलाला वाढवताना त्या मंचापासून लांबच होत्या. 2006 मध्ये सेंट्रल पार्कात गायल्या, 2024 मध्ये ग्लॅस्टनबरीला. तेव्हा वय 79.

त्या ‘स्पेस टॉक’वरून तुझ्या पाठवलेल्या कराराकडे वळते. मी बँकेत आयुष्य काढलंय, कागद मला दिसतो. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: ध्वनिमुद्रण वेगळं, आणि शब्द-चाल वेगळी. तीस वर्षांनी कुणी चार सेकंदांचा तुकडा उचलला, तर त्याला दोन्हीकडची परवानगी लागते आणि पैसे दोन्हीकडे जातात. तुझ्या कागदावर दोन्ही एकाच वाक्यात कंपनीला देऊन टाकलेत, तेही ‘कायमस्वरूपी’. चाल तुझी आहे, ती वगळायला सांग. नाही म्हणाले तर ‘कायमस्वरूपी’च्या जागी वर्षं लिहून घे. तुमच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदेशीर सल्ला मिळतो का बघ, आणि त्यांनी पाहीपर्यंत सही करू नकोस.

बाबा म्हणतायत, थंडी वाढली, गळ्याला मफलर बांध. व्हिसाच्या तारखेचं काय झालं ते रविवारच्या फोनवर सांग.

तुझी
आई