क्लेरिकची शक्ती ही मंत्रसिद्धी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, काल्पनिक पात्रांची भूमिका घेऊन कथा रंगवण्याच्या खेळाची ओळख करून देणारा लेख आला, याचा मनापासून आनंद झाला. मी गेली काही वर्षे मित्रमैत्रिणींच्या गटासाठी या खेळाचा डीएम, म्हणजे कथा पुढे नेणारा आणि नियमांचा निवाडा करणारा खेळाडू, म्हणून बसतो. त्यामुळे मराठीतून त्यावर लिहिले जावे असे फार दिवस वाटत होते. मात्र लेखात क्लेरिक या पात्राला ‘मंत्रसिद्धी मिळवलेला पुरोहित’ म्हटले आहे आणि त्याच्या जादूला ‘देवाचे वरदान’. हे दोन्ही शब्द आपल्या इतके ओळखीचे आहेत की वाचकाला त्यांचा अर्थ विचारावाही लागत नाही, आणि म्हणूनच त्यांनी गैरसमज होतो.

आपल्या कथांमध्ये वर हे तपश्चर्येचे फळ असते आणि एकदा दिला की तो देणाऱ्यालाही परत घेता येत नाही. भस्मासुराला दिलेला वर शंकराला मागे घेता आला नाही, म्हणून तर विष्णूला मोहिनीचे रूप घ्यावे लागले. मंत्रसिद्धीचेही तसेच: ती झाली की शक्ती साधकाची. या खेळात अशी स्वतःच्या मालकीची विद्या असते ती विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे. तो अभ्यास करून स्पेल, म्हणजे जादूचे एकेक मंत्र, आपल्या पोथीत उतरवून घेतो आणि कोणत्याही देवाला न विचारता वापरतो. क्लेरिकच्या हाती मात्र जे येते ते दुसऱ्या कोणाचे तरी असते, रोज नव्याने मागावे लागते आणि मोजून मिळते. दैवी जादूचा सगळा गाभा या मागण्यात आहे.

हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात पात्रांचे तीनच वर्ग होते: योद्धा, जादूगार आणि क्लेरिक. त्या पहिल्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या पहिल्याच पायरीवरच्या, क्लेरिकला एकही स्पेल मिळत नसे. देवाने काही देण्याआधी त्याला केवळ श्रद्धेच्या आणि गदेच्या बळावर तगून राहावे लागे. १९७९ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात गायगॅक्स यांनी ही व्यवस्था फार बारकाईने मांडली. स्पेलच्याही ताकदीनुसार पातळ्या असतात; खालच्या दोन पातळ्यांचे स्पेल क्लेरिकच्या स्वतःच्या शिक्षणातून आणि प्रार्थनेतून येतात. तिसरी ते पाचवी पातळी देवाचे अलौकिक सेवक आणून देतात. सहावी आणि सातवी मात्र थेट देवाकडूनच मिळते. त्या भेटीत देव क्लेरिकच्या वागण्याचा जाब विचारू शकतो आणि प्रायश्चित्तही सांगू शकतो. शिवाय उपदेवाचा भक्त पाचव्या पातळीच्या वर जाऊ शकत नाही, कारण देणाऱ्याचीच झेप तेवढी असते. मला हा नियम आजही अतिशय सुंदर वाटतो, आणि पुढच्या आवृत्त्यांतून तो गेला याची खंतही वाटते.

आज बहुतेक गट पाचवी आवृत्ती खेळतात, म्हणून २०१४ च्या पुस्तकातील हिशेब सांगतो. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकचे विस्डम, म्हणजे शहाणपणाचा आकडा, १६ असेल, तर त्यावरून अधिक तीन मिळतात आणि लेव्हलचे पाच धरून तो रात्रीच्या विश्रांतीनंतर प्रार्थनेने आठ स्पेल तयार ठेवू शकतो. देवाच्या अधिकारक्षेत्राचे, म्हणजे डोमेनचे, स्पेल त्याखेरीज. वापरायला पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन स्लॉट असतात; एक स्लॉट म्हणजे एकदा स्पेल वापरण्याची मुभा. ते संपले की पुढच्या विश्रांतीपर्यंत त्याच्याकडे फक्त किरकोळ स्पेल उरतात. म्हणजे जखमी मित्राला बरे करायचे की लढाईसाठी तिघांना आशीर्वाद द्यायचा, हा निर्णय दर वेळी घ्यावा लागतो. दहाव्या लेव्हलला क्लेरिक प्रत्यक्ष देवालाच साद घालू शकतो. तेव्हा शंभरांत टाकलेले फासे लेव्हलच्या आकड्याइतके किंवा त्याखाली पडले तरच देव हस्तक्षेप करतो, म्हणजे यशाची शक्यता शेकडा दहा. आणि एकदा देव धावून आला की सात दिवस पुन्हा हाक मारता येत नाही.

मेलेल्याला परत आणण्याचे नियम तर याहून कडक आहेत. ‘रिव्हिव्हिफाय’ हा स्पेल मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आतच चालतो आणि त्यासाठी ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे खर्ची पडतात. ‘रेझ डेड’ला दहा दिवसांची मुदत आणि ५०० मुद्रांचा हिरा लागतो, शिवाय आत्म्याची परतण्याची इच्छा असावी लागते. आमच्या खेळात एका मैत्रिणीच्या क्लेरिकचा सोबती पुलावर मारला गेला. तिच्याकडे स्लॉट शिल्लक होता, स्पेल तयार होता, पण आदल्या गावात घोडे घेण्यासाठी आम्ही सर्वांनी मिळून तिचे हिरे विकायला लावले होते. खेळातले एक मिनिट म्हणजे लढाईच्या दहा फेऱ्या. त्या दहा फेऱ्या आम्ही सहा जणांनी काही न बोलता मोजल्या. मंत्रसिद्धी असती, तर असा प्रसंग आलाच नसता.

शक्ती काढून घेतली जाण्याबाबतही लिहिले पाहिजे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत, देवाच्या आचारसंहितेचा घोर भंग करणाऱ्या क्लेरिकचे सर्व स्पेल प्रायश्चित्त होईपर्यंत जात असत. पाचव्या आवृत्तीत क्लेरिकच्या वर्णनात असा ठोस नियम नाही, म्हणून ती जबाबदारी डीएमवर येते. काही डीएम या अधिकाराचा धाक दाखवून खेळाडूला हवे तसे वळवतात, ते मला अजिबात पटत नाही. देव रागावणार असेल तर त्याला काय मान्य नाही हे खेळाडूला आधी कळलेले असले पाहिजे; आणि हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्यावे.

लेखकाला वरदान हा शब्द का सुचला असावा, हे मी समजू शकतो. १९८० साली निघालेल्या देवदेवतांच्या पुस्तकात ग्रीक आणि नॉर्स देवांबरोबर भारतीय देवताही होत्या, आणि त्यांनाही राक्षसांप्रमाणे चिलखताचे व प्राणशक्तीचे आकडे दिलेले होते. पूजेतल्या देवतांना असे आकडे लावलेले पाहून मला आजही अवघडल्यासारखे होते. परंतु क्लेरिकचा साचा आपल्या परंपरेतून आलेला नाही. तो मध्ययुगीन युरोपातील चर्चच्या, शस्त्र धरणाऱ्या धर्माधिकाऱ्याचा आहे. सुरुवातीच्या नियमांत त्याला धारेचे शस्त्र वर्ज्य होते, तेही याच साच्यामुळे.

तेव्हा या विषयावर पुन्हा लेख येईल तेव्हा क्लेरिकला क्लेरिकच म्हणावे आणि त्याच्या शक्तीला साधे ‘दैवी जादू’ म्हणावे, एवढी विनंती आहे. मराठी शब्द हवाच असेल, तर रोजचा ‘शिधा’ हा शब्द मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे