‘पॉश’चा बोटीशी संबंध नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ‘पॉश’ या शब्दाची जी जन्मकथा छापून आली आहे, ती रंजक असली तरी तिला आधार नाही. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटीने इंग्लंडहून मुंबईला येताना डावीकडच्या आणि परतताना उजवीकडच्या केबिनला ऊन कमी लागे, म्हणून धनिकांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे उमटवीत आणि त्यातून हा शब्द घडला, अशी ती कथा. तांबड्या समुद्रातला उकाडा खरा. पण असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही, आणि कंपनीच्या दप्तरातही त्याचा मागमूस लागलेला नाही.

शिवाय काळाचा हिशेब जुळत नाही. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. ही गोष्ट मात्र छापील मजकुरात दिसते ती १९३०च्या दशकात, शब्द चांगला रुळल्यानंतर. ‘पंच’ साप्ताहिकातील १९१८च्या एका व्यंगचित्रात हवाई दलातील तरुण अधिकारी बोलण्यात ‘पॉश’ म्हणतो आणि आई त्याला अर्थ विचारते. बोटीने ये-जा करणाऱ्या उच्चभ्रूंचा हा जुना शब्द असता, तर त्याच वर्गातल्या आईला तो विचारावा लागला नसता.

इंग्रजी कोशकार याची व्युत्पत्ती अनिश्चित मानतात. तरीही १८९०च्या सुमारास लंडनच्या चोरट्यांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे किरकोळ नाणे, विशेषतः अर्धा पेनी, आणि छानछोकी करणारा माणूस असे अर्थ नोंदलेले आहेत. त्यांपैकी नाण्याचा अर्थ रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आला, असे मानतात. रोमानी ही युरोपात भटकत गेलेल्या लोकांची, पण मुळात आपल्याच भाषाकुळातली बोली. तिच्यातले ‘दुय’, ‘त्रिन’, ‘पांज’ हे आकडे मराठी माणसाला सहज ओळखता येतील. नाणे आणि ऐट यांची सांगड सिद्ध झालेली नाही, हे खरे. परंतु हा शब्द भारताशी जोडायचाच असेल, तर आगबोटीपेक्षा हा धागा अधिक भरवशाचा आहे.

चार दिशांच्या आद्याक्षरांतून ‘न्यूज’ झाले, हे शाळकरी स्पष्टीकरणही असेच निराधार असून तो शब्द ‘न्यू’वरूनच आलेला आहे. पुरवणीच्या पुढील अंकात ‘पॉश’विषयीची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे