चि. ओंकारास पत्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बाबा, ब्लूजची गाणी सगळी सारखीच वाटतात." ते डोक्यातून जाईना. काल जेवणं झाल्यावर बी. बी. किंगची, म्हणजे ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातल्या त्या गायक-गिटारवादकाची, 'लाइव्ह ॲट द रीगल' ही ध्वनिमुद्रिका पुन्हा लावली. २१ नोव्हेंबर १९६४ ची मैफल, तू राहतोस त्याच शिकागोतली. साउथ साइडला ४७व्या रस्त्यावर ते रीगल थिएटर होतं. १९७३ साली पाडलं.

सारखी वाटतात हे खरं आहे रे. साचा ठरलेला: पहिली ओळ दोनदा म्हणायची, तिसरीनं तिला उत्तर द्यायचं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठव. चाल तीच, पण आजोबा परळच्या गिरणीत असताना म्हटलेली ओवी निराळीच लागायची. रीगलमध्ये बसलेल्यांपैकी कितीतरी जण, नाहीतर त्यांचे आईबाप, असेच कामासाठी मिसिसिपीकडून रेल्वेनं शिकागोला आलेले. बी. बी. स्वतः तिकडे कापूस वेचलेला माणूस. 'हाऊ ब्लू कॅन यू गेट'मध्ये सात मुलांची ओळ येते, तेव्हा जो कल्लोळ उठतो तो ऐक. घरच्या माणसाला दिलेली दाद आहे ती.

आणि एक लक्षात ठेव, गाताना तो गिटार वाजवत नाही. ओळ संपते, मग ल्युसिल बोलते. ल्युसिल म्हणजे त्याची गिटार. गवयामागून सारंगी तीच जागा पुन्हा घेते ना, तसं. तार बोटानं दाबून बाजूला ओढतो, सूर खालून चढत येतो, अगदी आपल्या मींडेसारखा. वर पोचला की डावा हात थरथरायला लागतो. त्याच्या आईचा चुलतभाऊ बुका व्हाइट तारांवर स्लाइड (बोटात घालायची गुळगुळीत नळी) फिरवून वाजवायचा. याला ते जमेना, म्हणून नुसत्या बोटांनी तो आवाज काढायला गेला आणि त्यातून हा कंप सापडला. मला तर त्या एका सुरापुढे दहा जलद ताना फिक्या वाटतात.

काम करता करता ऐकू नकोस. पस्तीसेक मिनिटांचीच मैफल आहे, हेडफोन लावून शांत बस. 'स्वीट लिटल एंजल' संपता संपता न थांबता तो पुढच्या गाण्यात शिरतो, तिथे कान दे.

रविवारी फोन करशील तेव्हा सांग, कुठल्या जागेला तुझ्या तोंडून 'वा' गेलं.

तुझा,
बाबा