बूच

नाशिक, ९ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

तू गणपतीत आणलेल्या वाइनच्या दोन बाटल्यांपैकी एक परवा रात्री संपली. तुला शिव्या घालत घालत संपली, म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच खिदळायला लागला असतास आणि माझं अर्धं राहिलं असतं.

नव्या घरात येऊन आठ दिवस झाले. अर्धी खोकी अजून दोरीसकट पडली आहेत. शनिवारी अनघाचा भाऊ जेवायला आला, कोंबडी चुलीवर रटरटत होती, आणि मी मोठ्या तोऱ्यात तुझी बाटली टेबलावर ठेवली. वरचा कागद सोलला, खाली बूच. आणि घरात बूच काढायचा कॉर्कस्क्रू नाही. हरवला नाही, खोक्यात गेला नाही, कधी नव्हताच! गंगापूर धरणाकडे चक्कर मारली की दुतर्फा द्राक्षमळे लागतात अशा गावात आम्ही राहतो, पण आम्ही आणतो त्या बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं. कट्ट केलं की उघडली. बुचाशी शेवटचा संबंध आला तो लहानपणी, एरंडेलाच्या बाटलीच्या.

रात्रीचे साडेनऊ. दुकानं बंद. मेहुणा म्हणाला, ‘दाजी, बुटानं उघडते. मी मोबाइलवर पाहिलंय.’

बाटलीचं बूड बुटाच्या टाचेत बसवायचं, बाटली आडवी धरायची आणि बुटाचा तळ भिंतीवर आपटायचा. माझ्या कोल्हापुरी वहाणा यात कुचकामी, म्हणून त्यानं स्वतःचे पळायचे बूट काढले. ठाप. ठाप. ठाप. यात तथ्य आहे हं, थोतांड नाही. नळ झटकन बंद केला की पाइपात ठक्क आवाज येतो ना, तसाच धक्का बाटलीतल्या वाइनला बसतो. ती मागेपुढे हिसकते, आतले बुडबुडे फुटतात आणि त्या दाबानं बूच केसाएवढं पुढे सरकतं. सातव्या ठोक्याला ते तांदळाच्या दाण्याएवढं वर आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आठव्याला भिंतीची पुट्टी पडली. नवव्याला दाराची घंटा वाजली. खालचे काका: ‘या वेळी खिळे ठोकताय?’

तिथे मी बाटली हिसकावून घेतली. पुट्टीचं काय, पुन्हा लावता येते. मला भीती काचेची होती. टॉवेलही न गुंडाळता तो आपटत होता. आणि फसफसणाऱ्या शॅम्पेनला तर हा प्रयोग चुकूनही करू नये. तिच्या पोटात आधीच पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. तिचं बूच तसंही हातानंच निघतं, पण तोंड माणसाकडे नको.

आई आतून ओरडली, ‘आत ढकला की मेल्यांनो! बूच काय देवापुढे ठेवायचंय?’ खरं सांगू, ज्याला काहीच हाताशी नाही त्याच्यासाठी तिचाच सल्ला बिनतोड. लाटण्याच्या बारीक टोकानं किंवा पळीच्या लाकडी दांड्यानं, सिंकमध्ये धरून, सावकाश दाबायचं. घाई केली की आतली हवा दबते आणि वाइनची पिचकारी थेट सदऱ्यावर. मग ओतताना आत तरंगणारं बूच सळईनं मागे धरायचं. पण तेवढ्यात मला शेजारच्या फ्लॅटमधल्या सुतारमामांची पेटी आठवली. ते कपाटांचं काम करताहेत आणि पेटी आमच्याच दारात ठेवून जातात.

पहिला स्क्रू मी आखूड घेतला, हा माझा गाढवपणा. पक्कडीनं ओढला तर चिमूटभर भुगा घेऊन सुटून आला, बूच जागेवर. दुसरा दोन इंची, ठसठशीत आट्यांचा. आधीच्या भोकाला टाळून, बरोबर सरळ, पेचकसानं हळूहळू पिळत नेला आणि वर सेंटिमीटरभर ठेवला. सुताराची हातोडी असते ना, मागे खिळे उपटायची फट असलेली, ती डोक्याखाली अडकवली. बाटलीच्या ओठावर काच टवकू नये म्हणून भांडी पुसायच्या फडक्याची घडी. मेहुण्यानं बाटली मांड्यांत घट्ट धरली आणि मी दांडा खाली दाबत गेलो. आधी कुईं असा बारीक आवाज, मग फप्. घरभर टाळ्या. आईसुद्धा.

भुगा बराच पडला होता. चहाच्या गाळणीला चहाचा वास, म्हणून अनघानं श्रीखंडाचा चक्का बांधायला आणलेलं कोरं फडकं काढलं. काचेचे पेले कुठल्या खोक्यात होते देव जाणे, स्टीलच्या वाट्यांतून प्यायलो. तुझा जीव तिळतिळ तुटेल, पण चव छान होती, जरा तुरट, कोंबडीबरोबर झक्क.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. साधारण २४ मिलिमीटर जाडीचं बूच १८-१९ मिलिमीटरच्या मानेत दाबून बसवतात म्हणे. मग ते काय सुखासुखी सुटणार! १७९५ साली सॅम्युएल हेन्शॉल नावाच्या इंग्रज पाद्र्यानं कॉर्कस्क्रूचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना बंदुकीच्या नळीत अडकलेलं काढायच्या पेचदार आकड्यावरून आली असं मानतात. म्हणजे आमचा स्क्रू फार आडवाटेला नव्हता.

तू पोर्तुगालमधल्या अलेंतेजू भागातले, ज्याच्या सालीची बुचं करतात त्या ओकचे फोटो पाठवले होतेस ना, साल सोललेल्या तांबूस खोडांवर पांढरा आकडा रंगवलेला, तेव्हा मी नुसता अंगठा पाठवून मोकळा झालो. आता कळलं, तो साल सोलल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा. तिथून नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही. पहिली साल तर झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर. परवा मी चिमूटचिमूट भुगा करून सिंकमध्ये सोडला, ती नऊ वर्षांची साल होती.

आणि आपलं बुचाचं झाड आठवतं? पुण्यात होस्टेलच्या फाटकाजवळचं, ज्याच्या लांब देठांच्या पांढऱ्या फुलांच्या तू पिपाण्या वाजवायचास. त्याच्या सालीचीही कमअस्सल बुचं करत, म्हणून ते नाव. या दिवसांत ते फुललेलं असेल. तू मात्र खऱ्या ओकच्या देशात जाऊन बसलास.

भिंतीला पडलेल्या खड्ड्यावर सध्या कालनिर्णय टांगलंय. स्क्रूसकट बूच मुलीनं दप्तराला लटकवलंय, शाळेत कुणी विचारलं तर काय सांगणार हे तिनं ठरवलेलं नाही. दुसरी बाटली तुझ्यासाठी आडवी ठेवली आहे. डिसेंबरात येशील तेव्हा कॉर्कस्क्रू आण, आणि तो मोठ्या बॅगेत टाक. हातातल्या सामानात ठेवलास तर विमानतळावर कदाचित काढूनही घेतील. सुतारमामांचं काम तोवर संपलेलं असेल.

तुझा,
दिल्या