नांगर टाकायला शिकवलंत, त्याबद्दल

ति. तांडेलकाकांस,
सा. न. वि. वि.

आमची होडी देवबागेत आली त्या दिवशी बघायला बरीच मंडळी जमली होती. सोळा फुटी फायबरची होडी, मागे पंधरा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. विकणाऱ्याने इंजिन सुरू करून दाखवलं, नोंदणीचे कागद हातात दिले आणि तो निघाला. तुम्ही इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. नाळीकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे वाकलात, नांगर उचलून पाहिलात, साखळी चाचपलीत आणि विचारलंत, "दोर किती आसा?"

तिथून पुढे तुम्ही इतकं शिकवलंत, आणि आभार मानायला लागलं की विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

हल्ली सुट्टीच्या दिवशी आम्ही कुडाळहून लवकर निघतो. होडी काढतो, कर्ली नदीच्या मुखातून समुद्रात बाहेर पडतो आणि भोगव्याच्या किनाऱ्यासमोर थांबतो. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असलं आणि समोरून लाटा आल्या, तर मुखावर पाणी उभं राहतं. तेवढा वेळ आत नदीतच थांबायचं, हे तुमचं सांगणं आता घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. आई ताडपत्रीच्या सावलीत बसते, मुलं पाण्यात उतरतात. कोणी पाण्यात असेपर्यंत इंजिन बंद आणि किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी दोरी माझ्या मनगटाला. आईला पोहता येत नाही, तरी ती लाइफ जॅकेट घालून डबे उघडते, घावणे वाटते आणि किनाऱ्याकडे बघत बसते. पूर्वी ती पाण्याच्या जवळही येत नसे. हे सुख तुमच्यामुळे आहे.

पाणी दोन मीटर दिसलं म्हणून दोनावरचा हिशेब करायचा नाही, हे तुमच्याकडून कळलं. उधाणाला आणखी दोन मीटर पाणी चढेल, त्यात नाळीची अर्धा मीटर उंची धरायची आणि त्याच्या पाचपट दोर सोडायचा. म्हणजे बावीस-तेवीस मीटर. वारा वाढला तर सातपट. दोर आखूड असला की नांगर वर उचलला जातो, लांब असला की तळाशी आडवा ओढला जाऊन वाळूत रुततो. भरतीची वेळही तुम्ही बोटांवर काढून दाखवलीत: तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. थोडं मागेपुढे होतं, पण वेळापत्रक हाताशी नसलं तरी अडत नाही. आणि भरतीच्या मधल्या दोन तासांत जवळजवळ अर्धं पाणी चढतं, म्हणून त्या वेळी दोराकडे जास्त लक्ष.

नांगर भिरकावायचा नाही, सोडायचा. नाळ वाऱ्याकडे करून होडी थांबू द्यायची, ती मागे सरकायला लागली की नांगर खाली, मग दोर हळूहळू. शेवटी इंजिन हलकेच रिव्हर्सला टाकून ताणलेल्या दोरावर तळहात ठेवायचा. तुम्ही माझा हात धरून तिथे ठेवला होतात. नांगर घसरत असेल तर दोर थरथरतो, मधूनच झटके देतो. बसला असेल तर नुसता ताठ राहतो. हा फरक माझ्या हाताला समजेपर्यंत तुम्ही नांगर पुन्हा पुन्हा वर घ्यायला लावलात. तुमचं वय आणि ते ऊन बघता मला संकोच वाटत होता, पण तुम्ही सोडलं नाहीत. मग किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागचं एक कौलारू छप्पर एका रेषेत धरायला सांगितलंत. ती खूण फुटली की होडी सरकली.

सगळ्यात मोलाचं मात्र वाऱ्याचं. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा असतो, होडी समुद्राकडे ओढलेली राहते आणि जागा भरपूर वाटते. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की तीच होडी नांगराभोवती फिरून किनाऱ्याकडे येते आणि तिचा मागचा भाग फुटत्या लाटांत जाऊ शकतो. म्हणून सकाळीच दुपारची जागा बघून ठेवायची: फुटत्या लाटांच्या बाहेर, पूर्ण दोराएवढं मोकळं पाणी सोडून. होडी फिरली की नांगर पुन्हा तपासायचा. आणि कितीही सोयीचं वाटलं तरी मागच्या बाजूने नांगरायचं नाही, लाट सरळ इंजिनावरून आत येते.

रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून बऱ्याच जणांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं, तर मला कधीच सुचलं नसतं. रापण लागणार असेल तिथे नांगरलेली एक होडी पन्नास घरांचा दिवस बुडवू शकते, हे तुम्ही फार कळकळीने सांगितलंत. आता आधी किनाऱ्यावर विचारूनच थांबतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला गेलो तर प्रवाळावर नांगर टाकत नाही. १९८७ पासून तो समुद्र अभयारण्य आहे, आणि तुटलेलं प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

काका, मे संपायच्या आत होडी वर ओढायची आहे. त्याआधी एका भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी शांत असताना, तुम्ही आणि काकींनी आमच्याबरोबर भोगव्याला यावं, अशी घरच्या सगळ्यांची इच्छा आहे. दिवस तुम्ही ठरवा. नवा दोरही घ्यायचा आहे, तो तुम्ही हाताने बघितल्याशिवाय घेणार नाही.

आपला,
कुडाळचा होडीवाला