कॉफी मेकरच्या परीक्षणात दुधाचा विचार हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत घरगुती ड्रिप कॉफी मेकरची (पुडीवर गरम पाणी ठिबकवून कॉफी गाळणाऱ्या विजेच्या यंत्रांची) तुलना करणारा लेख प्रसिद्ध झाला, त्यासंबंधी हे पत्र आहे. लेखातील तक्त्यात किंमत, क्षमता, टायमर, वॉरंटी हे सारे रकाने नीट भरलेले होते. तरीही तो तक्ता प्रमाण मानून नागपुरातल्या एखाद्या कुटुंबाने यंत्र घेतले, तर थोड्याच दिवसांत ते माळ्यावर जाऊन बसेल, अशी मला शंका वाटते. ज्या कसोट्यांवर ही यंत्रे तोलली गेली, त्या बिनदुधाची काळी कॉफी पिणाऱ्यांच्या आहेत, आणि आपल्या बहुतेक घरांत कॉफी म्हटली की दूध आलेच.

या यंत्राचा जन्मच मुळी काळ्या कॉफीसाठी झाला. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातल्या मेलिट्टा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून कागदी फिल्टर तयार केला. पुढे १९५४ मध्ये त्याच देशात विजेवर चालणारा पहिला घरगुती ड्रिप कॉफी मेकर ‘विगोमॅट’ या नावाने आला आणि १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या घराघरांत ही पद्धत रुळली. या कॉफीचे रूढ प्रमाण असे, की एक लिटर पाण्याला सुमारे ५५ ते ६० ग्रॅम पूड घ्यावी आणि तयार कॉफीत विरघळलेला अंश सव्वा टक्क्याच्या आसपास असावा. ही कॉफी नुसती प्यायली तर उत्तम लागते, यात वाद नाही. पण तीत निम्मे दूध ओतले की कॉफीचा अंश अर्ध्या-पाऊण टक्क्यावर येतो आणि कपात उरते ते कॉफीचा वास असलेले दूध. स्टीलच्या दोन मजली फिल्टरमधल्या दाट डिकॉक्शनची, म्हणजे अर्काची, किंवा सदरच्या इंडियन कॉफी हाऊसमधल्या कॉफीची ज्यांना सवय आहे, त्यांना ही कॉफी पाणचट लागली तर त्यात यंत्राचा दोष नाही. पण त्यांना हे आधी कोणी सांगायला नको का?

यावर उपाय आहे, पण त्याला मर्यादाही आहेत. पुडीचे प्रमाण दुप्पट करावे, म्हणजे ३०० मिलीलिटर पाण्याला ३५ ते ४० ग्रॅम पूड घ्यावी, आणि उतरलेल्या कॉफीत तेवढेच कडकडीत दूध मिसळावे. असे केले तर चव बरीच जवळ येते. मात्र लहान यंत्रांतली फिल्टरची टोपली एवढी पूड घेतल्यावर काठोकाठ भरते, पूड फुगून वर येते आणि पाण्याला खाली जायला वाट उरत नाही. त्यातच आपण दुकानातून नेहमीची फिल्टर कॉफीची पूड आणतो. ती या यंत्राला लागते त्याहून बारीक दळलेली असते आणि तीत बहुधा चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, असते. (कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचा भाग किमान ५१ टक्के असावा, असा आपल्याकडचा नियम आहे, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी कायदेशीरच.) चिकोरी पाणी धरून ठेवते आणि बारीक पूड कागदाची छिद्रे बुजवते. मग टोपली तुंबून काळे पाणी ओट्यावर वाहू लागते. यंत्र घेणाऱ्याने दळणाऱ्याला ‘रवाळ दळा आणि चिकोरी नको’ असे स्पष्ट सांगायला हवे. पुरवणीतल्या लेखात पुडीविषयी एक वाक्यही नव्हते, याचे मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले.

आता यंत्राकडे वळतो. निवृत्तीपूर्वी मी भौतिकशास्त्र शिकवीत असे, त्यामुळे हा भाग थोडा लांबला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. स्वस्त ड्रिप कॉफी मेकरमध्ये पंप नसतो. तळाशी नालेच्या आकाराची ॲल्युमिनियमची एक नळी असते आणि तिला चिकटून तापक तार असते. टाकीतले थंड पाणी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून या नळीत उतरते, तिथे उकळते आणि वाफेचे बुडबुडे पाण्याचे लहान लहान गोळे वर ढकलत नेतात. यंत्राची ती ओळखीची गुडगुड हीच. चांगल्या कॉफीसाठी पुडीवर पडणारे पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते, तेव्हा या तापमानाला अडचण कसलीच नाही. अडचण असते ती यंत्रात. कमी प्रतीच्या यंत्रात सुरुवातीचे पाणी बरेच कोमट पडते आणि योग्य तापमान येईपर्यंत निम्मी कॉफी उतरून गेलेली असते. अशी कॉफी आंबूस आणि पोकळ लागते.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल थर्मामीटर टोपलीत धरून, पूड न घालता नुसते पाणी चालवून पाहावे. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे कॉफी उतरल्यावर झाकण उघडून उरलेल्या चोथ्याकडे नीट पाहणे. चोथा सगळीकडे सारखा ओला आणि सपाट असेल तर पाण्याचा फवारा व्यवस्थित पडतो आहे. मधोमध खड्डा आणि कडेला फिकट, कोरडी पूड तशीच चिकटलेली दिसली, तर पाणी एकाच छिद्रातून एकाच जागी पडते आहे आणि आपल्या पैशांची पाव-अर्धी पूड रोज वाया जाते आहे, असे समजावे. दुकानात खोक्यावरचे चित्र पाहण्यापेक्षा झाकण उचलून फवाऱ्याला किती छिद्रे आहेत ते पाहिले, तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

वेळेचाही हिशेब आहे. २५ अंशांचे ६०० मिलीलिटर पाणी ९५ अंशांपर्यंत तापवायला ८०० वॅटच्या यंत्राला किमान पावणेचार मिनिटे लागतात. वाया जाणारी उष्णता धरली तर साडेचार-पाच. ही वेळ कॉफीला मानवते. पण उन्हाळ्यात शहराच्या कडेच्या वस्त्यांत संध्याकाळी दाब १९० व्होल्टवर आला, तर तापक तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ८०० वॅटचे यंत्र जेमतेम ५५० वॅटचे उरते. मग तीच कॉफी उतरायला दीडपट वेळ लागतो, पूड पाण्यात अधिक वेळ राहते आणि कडवटपणा वाढतो. परदेशातल्या मुलांनी आणलेली ११० व्होल्टची यंत्रे हा आणखी एक प्रकार. पुरेशा क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरशिवाय ती आपल्या बोर्डाला कदापि लावू नयेत.

पाण्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण रोजच्या वापरात यंत्र टिकणार की नाही, हे इथे ठरते. महापालिकेचे नळाचे पाणी पेंच आणि कन्हानमधून येते, पण नव्या वसाहतींतल्या कितीतरी इमारती बोअरच्या पाण्यावर किंवा दोन्हींच्या मिश्रणावर चालतात. बोअरच्या पाण्यातले क्षार नळीच्या आत पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात. बादलीत टाकायच्या हीटरच्या कांडीवर जे साचते तेच हे, फक्त इथे ते डोळ्यांना दिसत नाही. थर जाड झाला की नळी अरुंद होते, गुडगुड लांबते, वाफ जास्त आणि पाणी कमी येऊ लागते, आणि शेवटी आतला थर्मल फ्यूज (यंत्र फार तापले की वीज तोडणारा भाग) जातो. फ्यूज बदलण्यापेक्षा नवे यंत्र घ्या, असे दुकानदार सांगतो. यावर इतवारीतल्या कोणत्याही किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व पुरेसे आहे. एक लिटर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून यंत्र अर्धे चालवावे, मध्ये थांबवून पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवावे, मग पूर्ण चालवून नंतर दोनदा साधे पाणी फिरवावे. बोअरचे पाणी असेल तर हे दर महिन्याला करायला हवे. आरओचे पाणी वापरले तर क्षार बसत नाहीत, हे खरे. पण ज्या पाण्यातले क्षार अगदीच काढून टाकलेले असतात त्यात कॉफी उतरते ती बेचव. पाण्यात विरघळलेले घटक लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असावेत, हे प्रमाण कॉफीच्या जाणकारांत मान्य आहे. माझ्या मते नळाचे आणि आरओचे पाणी निम्मे निम्मे घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे. टाकीत दूध मात्र चुकूनही ओतू नये. ते नळीत करपते आणि त्यानंतर कोणत्याही लिंबूसत्त्वाने वास जात नाही.

‘दहा कप’ या शब्दांवरही ग्राहकाने विसंबू नये. यंत्रावरचा कप बहुधा १२५ ते १५० मिलीलिटरचा असतो, त्यामुळे दहा कपांच्या काचेच्या जगातून (भांड्यातून) आपले मोठे मग भरायचे तर पाच-सहाच भरतात. खालच्या गरम चकतीवर कॉफी ठेवून देण्याची सोय जाहिरातीत आकर्षक दिसते, पण अर्ध्या तासानंतर त्या कॉफीला करपट वास येतो. उतरताच थर्मासमध्ये ओतणे बरे.

सुट्या भागांचा प्रश्न मी स्वतः अनुभवला आहे. या यंत्रातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे काचेचा जग, आणि आपल्या घरी तो स्टीलच्या भांड्यांच्या ढिगाऱ्यातच घासायला पडतो. आमचा जग फुटल्यावर सीताबर्डीपासून गोकुळपेठेपर्यंत चौकशी केली. कंपनीच्या सेवा केंद्रात ‘हा जग वेगळा मिळत नाही, नवे मॉडेल घ्या’ असे उत्तर मिळाले. वॉरंटी शिल्लक होती, पण काच तीत बसत नव्हती. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आहे आणि तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइन क्रमांकही आहे. परंतु एका जगासाठी तक्रार गुदरण्याची चिकाटी किती जणांकडे असते? त्यापेक्षा खरेदीच्या वेळीच जग, टोपली आणि झडपेचे रबर वेगळे मिळते का व केवढ्याला, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. दुकानदाराने टाळाटाळ केली, तर ते मॉडेल सोडून द्यावे.

माझे मत विचाराल, तर ज्या घरी दिवसाला दोन-तीन कप दुधाची कॉफी होते, तिथे या यंत्राची गरज नाही; स्टीलचा फिल्टर ते काम अधिक चांगले करतो आणि त्याला ना वीज लागते ना सुटे भाग. चार-पाच माणसे काळी किंवा अगदी थोड्या दुधाची कॉफी पीत असतील, किंवा एखाद्या छोट्या कार्यालयात सकाळी एकदम सहा-सात कप लागत असतील, तर मात्र ड्रिप कॉफी मेकर घ्यावा. तोही टायमर आणि दिव्यांशिवायचा, पण रुंद फवाऱ्याचा आणि कागदी फिल्टर बसेल असा. कागदाचा खर्च चालू राहतो, हे मान्य; पण नायलॉनच्या जाळीतून जो गाळ आणि तेलकट अंश कपात उतरतो, तो कागद अडवतो, आणि त्या तेलकट अंशातले कॅफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. साठीपुढच्या वाचकांनी एवढा खर्च करायला हरकत नसावी.

आपल्या पुरवणीला विनंती अशी, की पुढच्या वेळी अशी तुलना कराल तेव्हा प्रत्येक यंत्रात नागपूरच्या नळाचे पाणी घालून पहिल्या आणि शेवटच्या मिनिटाचे तापमान मोजावे, तयार कॉफीत निम्मे दूध घालून चव पाहावी, क्षमता कपांऐवजी मिलीलिटरमध्ये छापावी आणि फुटलेला जग शहरात कुठे व किती रुपयांना मिळतो, यासाठी तक्त्यात एक रकाना जरूर ठेवावा.

आपला,
एक नियमित वाचक
प्रतापनगर, नागपूर